आधी ठेवलेला कप

अम्मानजवळच्या सल्त गावाच्या चढावर, दवाखान्यापासून पाच मिनिटांवर, पिवळ्या दगडाच्या घराचा वरचा मजला चौदा महिने रिकामा पडून राहतो, याला काय म्हणायचं? बघायला येणाऱ्यांची काही कमी नव्हती. पण जिन्याच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून मिथकाल बसलेला असायचा, आणि मिथकालला पसंत पडेल असा भाडेकरू अजून जन्माला यायचा होता.

मिथकाल हा घरमालकिणीचा दीर. मालकीण फिद्दा, बासष्ट वर्षांची. नवरा जाऊन तिला सात वर्षं झाली होती. मुलगा नायेल जहाजावर नोकरीला, त्याच्या नावावरून गाव तिला उम्म नायेल, म्हणजे नायेलची आई, म्हणायचं. तो मजला बांधताना निम्म्यात पैसे संपले, तेव्हा तिने लग्नातल्या पाटल्या मोडल्या होत्या, आणि नवऱ्याने मजल्याचा कागद तिच्या नावावर केला होता. घाम नवऱ्याचा, सोनं तिचं, आणि पारख कोण करणार? तर दीर. का, तर म्हणे एकट्या बाईला माणसं ओळखता येत नाहीत.

याला काय ओळखता येत होती? एका मास्तराला त्याने हाकललं, कारण त्याच्या सामानात ऊद नावाचं तंतुवाद्य होतं आणि वाद्य वाजवणाऱ्याच्या घरी नको ते लोक जमतात. बँकेतला एक कारकून फार हसतो म्हणून गेला. एक म्हातारं जोडपं आलं, इतकं सालस की बघत राहावं. मिथकाल म्हणाला, हे वर मेले तर खांदा कोण देणार? बाप कोण, कुळ कुठलं, आजोळ कुठलं, अम्मान सोडून इकडे का आलात, असं खोदून खोदून विचारायचं आणि शेवटी मान हलवायची.

मेख वेगळीच होती. मिथकालच्या मुलाचं, रकानचं, लग्न अडलं होतं, कारण मुलीकडचे आधी घर दाखवा म्हणत होते. मजला रिकामा राहिला की वहिनी एक दिवस कंटाळून म्हणेल, जाऊ दे, रकानलाच राहू दे. हे फिद्दाला कळत नव्हतं असं नाही. पण दिराशी वाकडं घ्यायचं म्हणजे सगळ्या कुळाशी घ्यायचं, म्हणून ती मूग गिळून बसली होती.

मग एका मंगळवारी मिथकालची दाढ सुजली आणि तो अम्मानला गेला. त्या दाढेचं भलं होवो.

त्याच दुपारी तहानी आली. तिशी ओलांडलेली, पायात दवाखान्यातले पांढरे बूट. वर गेल्यावर तिने ना दिवाणखान्याची लांबी विचारली, ना भिंतींचा रंग. सरळ गच्चीवर गेली, टाक्यांवर बोटाने टकटक करून बघितलं आणि विचारलं, "मावशी, पाणी कुठल्या वारी येतं?"

फिद्दा तिथेच अर्धी विरघळली. चौदा महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जिला आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्यावर घर चालवायचं ठाऊक आहे, तिच्या हाती घर द्यायला हरकत नसते, हा तिचा हिशेब. ती म्हणाली, "शुक्रवारी. खाली ये, कॉफी पिऊ."

फिद्दाने वेलदोडा घातलेली कडू कॉफी ओतली. तहानीने कप उजव्या हाताने घेतला आणि न पिता समोर टेबलावर ठेवला.

फिद्दा बघतच राहिली. असा कप ठेवतात ते पुरुष, आणि तेही मोठ्या मागण्याच्या वेळी. मुलीला मागणी घालायला किंवा खुनाचं वैर मिटवायला गावातली वजनदार माणसं जमून एखाद्याच्या घरी जातात, त्याला जाहा म्हणायचं. यजमानाने कॉफी दिली की ते कप खाली ठेवतात, मागणं सांगतात, आणि यजमान हो म्हणेपर्यंत घोट घेत नाहीत. कॉफी न पिता पाहुणे उठले तर त्या घराची तीन पिढ्या शोभा होते.

फिद्दा म्हणाली, "हा पुरुषांचा रिवाज आहे, पोरी."

"असेल. पण सहा घरांत मी कॉफी पिऊन नकार घेतलाय, मावशी. आता आधी ऐकून घ्या."

आणि तिने सगळं सांगून टाकलं. नवऱ्यापासून फारकत झाली होती. सात वर्षांची मुलगी होती, जूद. आठवड्यातून दोनदा रात्रपाळी असायची, तेव्हा तिची आई येऊन झोपणार होती. भाऊ नव्हता, वडील नव्हते, पाठीशी नाव सांगावं असा काका नव्हता. भाडं पहिल्या तारखेला मिळेल म्हणाली, आणि जिना ती स्वतः झाडेल.

फिद्दानेही काही कमी तपासलं नाही. आधीचं घर का सोडलंस? मालकिणीने मुलाच्या लग्नासाठी मागितलं. त्या मालकिणीचा नंबर दे. दिला. फिद्दाने तिच्यासमोरच फोन लावला, आणि पलीकडची बाई रडायलाच लागली, अशी भाडेकरू पुन्हा मिळायची नाही म्हणून. मग फिद्दाने शेवटचं विचारलं, फारकत कशाने झाली?

"ते नाही सांगणार," तहानी म्हणाली. "घर तुमचं आहे, त्याबद्दल काय हवं ते विचारा. ते माझं आहे."

कॉफीवरची वाफ केव्हाच गेली होती. फिद्दाला मनातून बरं वाटलं. आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, हे इतक्या नीट सांगणारं माणूस तिने फार दिवसांत बघितलं नव्हतं. स्वतः तर ती सात वर्षं सांगू शकली नव्हती.

ती म्हणाली, "पी कॉफी. जे मागायला आलीस ते दिलं."

तहानी दोन दिवसांत राहायला आली. मिथकालचा सुजलेला गाल उतरला, आणि लगेच तोंड सुटलं. फारकत घेतलेली बाई, रात्री-अपरात्री येणार-जाणार, भावाच्या घराची अब्रू वेशीला टांगली म्हणून त्याने दुकानादुकानांतून बोंब ठोकली. फिद्दाने कडी उघडली नाही. तेव्हा त्याने हुकमाचं पान काढलं. शुक्रवारच्या नमाजानंतर कुळातले पाच म्हातारे घेऊन तो दारात उभा राहिला. सगळ्यांत पुढे हाज खलफ, ऐंशीच्या पुढचे, ज्यांच्या शब्दावर गावात दोन खून मिटले होते.

त्यांना परत कसं पाठवणार? फिद्दाने आत घेतलं, बसवलं, कॉफी ओतली. सहा कप भरले, सहाही खाली ठेवले गेले. मिथकालने आपला सगळ्यांत हळू ठेवला, आणि ठेवताना तिच्याकडे बघितलं.

हाज खलफ बोलले. घरात पुरुष नाही, वर परकी बाई, लोक बोलतात. मजला घरच्या मुलाला द्यावा, त्याचं लग्न मार्गी लागेल, नवऱ्याच्या आत्म्याला शांती मिळेल. "हे मागणं घेऊन आलोय, पोरी. कॉफी तुझ्या शब्दाची वाट बघतेय."

फिद्दाच्या नवऱ्याच्या हयातीत या खोलीत एक कप भरलेला राहिला नव्हता. आज सहा राहिले तर बाजारात कोण तोंड देणार? नायेल कधी परतला तर त्याला मुलगी कोण देणार? एक हो म्हणायचं होतं फक्त. वरून जूदच्या पळण्याचा धपधप आवाज येत होता. आज पाण्याचा दिवस, माय-लेकी टाक्या भरत असणार.

तिने ओढणीशी चाळा केला नाही की डोळे पुसले नाहीत. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. ती म्हणाली, "हाजी, तुमच्या आधी याच टेबलावर एक कप ठेवला गेलाय. याच किटलीतला. मी पी म्हणाले, आणि ती प्यायली."

मिथकाल हसला. "स्वयंपाकघरातल्या बायकांच्या कॉफीला जाहा म्हणायचं का आता, वहिनी?"

"गप्प बस," हाज खलफ त्याला म्हणाले, आणि फिद्दाकडे वळले. "तिने मागणं सांगितलं होतं? पिण्याच्या आधी?"

"आधी. एकटीने. तिच्या पाठीशी पाच म्हातारे नव्हते."

"आणि तू दिलं म्हणालीस."

"म्हणाले. आता तुम्ही म्हणत असाल तर शब्द मोडते, हाजी. तुम्ही वडीलधारे. पण मग मला एवढं सांगा, उद्या आणखी कुणी दहा जण घेऊन आला आणि कप ठेवला, तर आज तुम्हाला दिलेला शब्द त्याच्यासाठी मोडू ना? मोडलेल्या शब्दाची कॉफी तुमच्या घशाखाली उतरेल?"

मिथकालने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आणि भावजी," फिद्दा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मजल्याच्या कागदावर नाव माझं आहे. भिंतींत माझ्या पाटल्या आहेत. वर कोण राहणार हे मी विचारणार, मी तपासणार, मी ठरवणार. ती खुर्ची जिन्यातून उचला. जूद अडखळते."

हाज खलफांनी कपाकडे बघितलं. खुनाचं वैर मिटवताना दिलेले शब्द त्यांनी पाळायला लावले होते, ते याच एका रिवाजाच्या जोरावर. या बाईला शब्द मोडायला लावला तर त्या दोन घरांना उद्या काय सांगणार होते? त्यांनी कप उचलला आणि एका दमात रिकामा केला.

मग उरलेले चौघे प्याले. मिथकाल नाही. तो उठला, चपला अडकवल्या आणि सलाम न करता निघून गेला. म्हातारेही पाठोपाठ निघाले. दारात हाज खलफ थांबले आणि विचारलं, त्यांच्या भाचीलाही घर हवंय, तीही एकटीच आहे, कुठे असलं तर बघशील का? फिद्दा म्हणाली, तिला पाठवा, आधी मी बघेन.

दार लावून ती परत आली. टेबलावर पाच रिकामे कप आणि एक काठोकाठ भरलेला. लहानपणापासून तिला शिकवलं होतं की असा कप म्हणजे घराला लागलेला कलंक. ती समोर बसली, तो उचलला आणि मिथकालची कॉफी स्वतः प्यायली. गार झाली होती आणि कडू होती, पण कॉफी तिचीच होती, चांगली होती. मग तिने सहाही कप उचलून मोरीत नेले. नळाला पाणी भरपूर होतं.