न विचारलेला माणूस

ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते छापण्यापूर्वी वाचून दाखवायचे, असा डॉ. संघप्रियांचा शिरस्ता होता. म्हणूनच प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला चार दिवस उरले असतानाही त्या आपला निबंध घेऊन कोल्हापूरहून हुपरीच्या एसटीत बसल्या.

प्रेम आणि नीती या विषयाला त्यांनी तत्त्वज्ञानाच्या अध्यापनातील वीस वर्षे दिली होती. या निबंधाचा कणा होता हुपरीतले पैंजण घडवणारे केरबा आणि त्यांची पत्नी शेवंताबाई यांचा संसार. केरबांची नजर अधू झाल्यापासून कड्यांचे सांधे शेवंताबाई गुपचूप नव्याने जोडत आणि नवऱ्याला त्याचा थांगपत्ता लागू देत नसत. प्रेमापोटी पाळलेले असे मौन नीतीला धरूनच असते, हा संघप्रियांचा निष्कर्ष. मुलाखतीची सारी भिस्त त्यावरच होती.

दोन वर्षांत त्या पाच वेळा येऊन गेल्या होत्या. पण बाईमाणसाने बाईमाणसापाशी बसायचे या रीतीने दरवेळी स्वयंपाकघरातच. केरबा बाहेर सोप्यात कामाला बसलेले असत. आज ते बाजारात गेले आहेत असे समजून संघप्रियांनी मोकळ्या आवाजात वाचायला घेतले.

"थांबा की जरा." भिंत चाचपत केरबा दारात उभे राहिले. "मला ठावं न्हाय, असं कुणी सांगितलं तुमास्नी?"

शेवंताबाईंचा हात पिठातच राहिला.

"पयल्याच दिवशी कळलं. हिचा सांधा बोटाला खरबरीत लागतोय."

"मग बोलला न्हाईसा ते?"

"तू लपवतीस म्हणताना मी काय बोलू? पर लई एकटं वाटायचं. हातातलं कसब गेलं, आणि ते बोलून दाखवायची बी सोय न्हाय."

"खरबरीत म्हणं," शेवंताबाई पुटपुटल्या. "शिकवायचं हुतं की मग."

"इचारलं असतंस तर शिकवलं असतं."

संघप्रियांनी कागद मिटले. ज्याच्या भल्यासाठी मौन पाळले असे त्या लिहीत होत्या, त्या माणसाला त्यांनी एकदाही प्रश्न केला नव्हता.

अंगणात येऊन त्यांनी विभागप्रमुख विजयसिंहांना फोन लावला. "सर, निबंध मागे घेतेय. निष्कर्ष चुकलाय. केरबांना सगळं ठाऊक होतं, मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं."

"मॅडम, चार दिवस राहिलेत. एखादी तळटीप टाका आणि मोकळ्या व्हा."

"पायाच चुकलाय, सर. वरून गिलावा करून भागणार नाही."

"एका माणसासाठी पद घालवणार?"

"मुलाखतीला मी येणार आहे. जे झालं ते तिथं सांगेन. नाही निवडलं, तर पुन्हा अर्ज करेन."

तिथेच उभ्या उभ्या त्यांनी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना चार ओळी धाडल्या: निबंध छापू नये, निष्कर्ष चुकीचा आहे, चूक माझी आहे, नवा निबंध लिहीत आहे.

मग त्यांनी सोप्यात चटई अंथरली आणि कोरी वही उघडली. "केरबामामा, तुम्हाला आधीच विचारायला हवं होतं."

"आता इचारा. मी कुठं पळून चाललोय?"

पदराला हात पुसत शेवंताबाईही येऊन टेकल्या. "मी बी बसते. न्हाईतर माझ्या माघारी काय बी सांगतील."

"बसा," संघप्रिया म्हणाल्या. "मामा, सांधा कळला त्या दिवसापासून सांगा."