बटणाचा गिअर

चौऱ्याण्णवच्या पेण-रोहा सायकल शर्यतीत भिसे खिंडीच्या उतारावर महिपतीनं सायमनला कोपरानं ढकललं. सायमन रस्त्याकडेच्या चरात पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. महिपती पहिला आला आणि त्या जोरावर धाटावच्या एका कंपनीत नोकरीला चिकटला. "त्याचा तोल गेला," एवढंच त्यानं पंचांना सांगितलं. सायमनच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी सायमनचे एलियाहमामा इस्रायलहून रोह्याशेजारच्या अष्टमी गावी, सायमनच्या घरी आले. तिकडे ते सायकलच्या दुकानात कामाला होते. भाच्यासाठी त्यांनी दोन गिअर आणले. एक नेहमीचा, तारेनं ओढायचा. दुसरा बॅटरीवरचा, बटण दाबलं की साखळी आपोआप सरकायची.

"ह्योच लाव," मामा म्हणाले. "बोटाला तरास नाय."

सायमननं दोन्ही चालवून पाहिले. चांगल्या रस्त्यावर बॅटरीचा गिअर सुरेख चाले. पण नागोठण्यापुढचे खड्डे लागले की हादऱ्यांनी बटण कधी ऐकायचं, कधी नाही. तारेचा जड होता, पण अडला तर बोटाला कळायचं, आणि जोर दिला की साखळी सरकायचीच. त्यानं तारेचा लावला.

बॅटरीच्या गिअरची बातमी लागली तसा महिपती घरी आला. "मला दे. बदल्यात माझी नवी चाकं घे."

"खड्ड्यात दगा देतो हा."

महिपती हसला. "म्हंजे तुला द्यायचा नाय!"

सायमनला हेच हवं होतं. आपल्या तोंडचं खरं हा माणूस कधीच मानणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जरा आढेवेढे घेऊन त्यानं गिअर देऊन टाकला.

"त्या मेल्याला दिलास?" बहीण दीना चिडली.

"सांगून दिलाय गो."

शर्यतीत नागोठण्यापर्यंत महिपतीच पुढे होता. मग खड्डे सुरू झाले. खिंडीच्या चढाला सायमननं त्याला गाठलं. महिपती बटण दाबून दाबून थकला होता. साखळी सगळ्यात जड गिअरवर अडकलेली. पायडल फिरेना, तेव्हा तो खाली उतरला.

सायमननं मुद्दाम वेग कमी केला. "दाब अजून," तो म्हणाला आणि पुढे गेला.

रोह्यात पहिला येऊनही तो घरी गेला नाही. गळ्यातला हार तसाच ठेवून उभा राहिला. महिपती सगळ्यांच्या शेवटी आला.

"मुद्दाम दिलास मला."

"सांगितलं नव्हतं?"

"सांगितलंस. म्हनूनच घेतला मी."

"मग आता पंचांनाही सांग, गेल्या वर्षी माझा तोल कसा गेला ते."

महिपती सायकल ढकलत निघून गेला.

"झालं मनासारखं?" दीनानं घरी विचारलं.

"अर्धं."

सायमन वर्षभर खिंड चढत राहिला. महिपतीला पुन्हा मागं टाकायचं, पण या वेळी निव्वळ पायांच्या बळावर, असं त्यानं ठरवलं होतं. पण शर्यतीच्या सकाळी पेणला महिपती आलाच नाही. सायमन संतापला. आपल्याला पुन्हा फसवलं, असं त्याला वाटलं. शिट्टी वाजली तेव्हाही तो गर्दीत त्यालाच शोधत होता.