चंदूचं भाषण

माझा धाकटा दीर चंदू ठाण्याच्या कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवायचा. घरात मीठ संपलं तरी म्हणायचा, "वहिनी, समुद्रपुत्रांच्या घरात मिठाचा दुष्काळ?" मी म्हणायचे, "समुद्रपुत्रा, दुकानात जा."

सत्त्याऐंशी साली बाळकुमच्या खाडीकाठावर एका बिल्डरची नजर पडली. आम्हा कोळ्यांच्या होड्या लागायच्या, जाळी सुकायची, नेमकी तीच जागा. गावाची बैठक बसली. आमच्याकडे बैठकीत घरटी एकाने नारळ हातात घेऊन बोलायचं आणि तो जे बोलेल ते त्या घराने पाळायचं, अशी रीत. माझे मालक दामाजी, त्यांना चार शब्द धड जोडता येत नाहीत. त्यांनी कौतुकाने नारळ चंदूच्या हातात दिला.

चंदू बोलला मात्र झकास. "हा किनारा गेला, तर आमची जाळी आम्ही आमच्या हाताने जाळू, पण परक्याच्या दारात मासळी धरणार नाही." बायका पदराने डोळे पुसत होत्या. मालकांची मान ताठ झाली होती. मी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण जाळं काही चंदूचं नव्हतं.

दिवाळीनंतर किनारा गेलाच. बिल्डरने पत्रे ठोकले. बाकीच्यांनीही नारळ घेऊन तसंच म्हटलं होतं, पण त्यांनी गुपचूप होड्या पलीकडे कशेळीला नेल्या. रीत मोडली म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही. आमच्या मालकांनी जाळं अंगणात आणलं आणि माझ्याकडे रॉकेल मागितलं. मी दिलं नाही, तर ते स्वतः जाऊन डबा घेऊन आले.

चंदू धावत आला. "दादा, अरे भाषणात असं बोलायचं असतं. लोकांना पेटवायला. कोणी खरं करत नाय."

"नारळ हातात होता ना तुझ्या?"

"होता, पण..."

"मग झालं."

माझं डोकं फिरलं. चंदूला म्हटलं, "टाळ्या तू घेतल्यास, आता उपाशी आम्ही मरायचं काय?" मालकांना म्हटलं, "उद्या चुलीवर काय ठेवू, याचं भाषण?"

ते रागावले नाहीत, तेच मला सहन होईना. चंदूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपल्या घरात इतकं चांगलं आजवर कोण बोललं नव्हतं रे. ते खोटं पडायला नको."

आणि त्यांनी काडी ओढली.