‘सोड मला’नंतरचं हसू

मी एक जुना मायक्रोफोन आहे, मित्रांनो. डबिंगच्या खोलीतला. पडद्यावर नायिका ओठ हलवते आणि माझ्यासमोर दुसरीच बाई उभी राहून तिला आवाज देते. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं.

कारखान्यातून आलो तेव्हा माझे काय लाड होते! मखमली पेटी, पुसायला मऊ फडकं. ‘‘श्वाससुद्धा टिपतो हो हा!’’ म्हणत रेकॉर्डिस्ट मला मिरवायचा. पण टिपायचं काय? नायक पानंच्या पानं बोलायचा. बाईच्या वाट्याला किंचाळी, हुंदका, नाहीतर ‘इश्श’. शी! कुणीतरी माझी जाळी धुऊन काढावी, असं वाटायचं.

माझ्यासमोर सगळ्यांत जास्त उभी राहिली ती ताई. तिचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, पण आवाज घरोघरी पोचला होता. त्या आवाजावरच तिचं आणि तिच्या मुलीचं पोट होतं.

एकदा पडद्यावर नायकाने नायिकेचा हात पिरगाळून धरला. ताई कडाडली, ‘‘सोड मला!’’

काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, ‘‘अहो ताई, एवढं चिडून काय? जरा लाजत म्हणा. शेवटी खुदकन हसा. तिला आतून हवंच आहे.’’

‘‘तिने सांगितलं तुम्हाला?’’ ताई म्हणाली. ‘‘परवा क्लासबाहेर एकाने माझ्या मुलीचा हात असाच धरला. ती ओरडली, तर म्हणतो कसा, सगळ्या आधी असंच म्हणतात! कुठे शिकला हो तो हे? मी नाही हसणार.’’

‘‘मग दुसरी बोलावतो.’’

‘‘बोलवा खुशाल.’’

दुसरी बोलवावी लागलीच नाही. रेकॉर्डिस्टने ताईच्याच मागच्या सिनेमातलं हसू शोधून काढलं. त्यात नायिका तान्ह्या बाळाला खेळवत होती. ते हसू कापून त्याने ‘सोड मला’च्या शेपटाला चिकटवलं.

‘‘अहो, मी इथे हसलेच नाही!’’ ताईचा आवाज फाटला.

‘‘आवाज तुमचाच आहे ना?’’ दिग्दर्शक म्हणाला आणि त्याने चहा मागवला.

सिनेमा धो धो चालला. नेमक्या त्या हसण्यावर शिट्ट्या पडतात, असं रेकॉर्डिस्ट कौतुकाने सांगायचा. ताईला पुन्हा कुणी बोलावलं नाही. पुढे नवे माइक आले आणि मी कपाटात गेलो. सुटलो एकदाचा.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे सहसा विनवतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ पुसा. माझी धूळ राहू द्या. पण तो सिनेमा अजून लागतो. कधी पाहिलात, तर ‘सोड मला’ एवढंच खरं माना. पुढचं हसू ताई पडद्यावरच्या एका बाळाकडे बघून हसली होती.