वीस दिवस आधी

सहदेव धाडच्या एस.टी. स्टँडवर उतरला. तीन वर्षांची सजा, चांगल्या वागणुकीबद्दल वीस दिवसांची सूट, सुटून आज आठवा दिवस. चांगली वागणूक! चुगलीला सरकारी कागदावर असं म्हणतात. आज प्रसेनजितच्या आईला सांगून टाकायचंच, असं ठरवून तो आला होता.

सत्यभामाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"जय भीम, मावशी. मी सहदेव. प्रसेनजितसंगं आत होतो."

"तू व्हय! बैस. बरं झालं आला. काल पत्र आलं त्याचं. मले कुठी वाचता येते?"

सहदेवलाही कुठं येत होतं? गायरानाच्या मोर्चात धरलेल्या प्रसेनजितनंच त्याला अक्षरं शिकवली, रोज संध्याकाळी बराकीला टाळं पडलं की. मग बाकीचंही शिकवलं. आत कोण आहे बघा, म्हणायचा. ज्याला जामीनदार मिळाला तो घरी, नाही मिळाला तो इथं. भूक असो, दारू असो, बांधाचं भांडण असो, सरकारकडं औषध एकच, कुलूप. हे कुलूपच नको म्हणायला शिका बे! खटला न चालताच सडणाऱ्या एकतीस जणांची नावं त्यानं वहीत लिहिली होती, कोर्टात अर्ज द्यायला. पहिलं नाव म्हाताऱ्या कडूबाचं. चार वर्षं आत.

वही सहदेवकडं ठेवायला दिली होती. त्यानं ती जेलरच्या टेबलावर ठेवली. वीस दिवसांसाठी. दुसऱ्याच दिवशी प्रसेनजितला लांबच्या तुरुंगात हलवलं. कडूबा अजून त्या जुन्या बराकीतच आहे.

"वाच नं बे." सत्यभामाबाईनं पत्र त्याच्या हातात दिलं.

तो वाचू लागला. तब्येत बरी आहे. इथंही वर्ग सुरू केला, अकरा जण बसतात. पुढची ओळ त्यानं मनातच वाचली. त्यानं कागदाची घडी घातली.

"बस. इतकंच हाय."

"खोटं नको बोलू. खाली अजून काळं दिसून राह्यलं."

त्यानं घडी उघडली.

"'आई, वही सहदेवनं जेलरले देल्ली, मले माहीत हाय. तो आला तं हाकलू नको. कोंडून माणूस सुधरत नाही, हे मी लोकाइले शिकवतो. मंग त्याले कोणत्या तोंडानं मनात कोंडू?'"

सोलणारे हात थांबले. सहदेवनं मान वर केली नाही.

"हे सांगाले आल्तो, मावशी."

"आल्ता, अन् घडी घातली." तिनं सूप बाजूला सारलं. "त्याचं मन मोठं हाय, माह्यं नाही. चहा भेटणार नाही तुले." ती आत गेली आणि पहिलीतल्या नातीची कोरी वही अन् पेन घेऊन आली. "लिही ते एकतीस नावं. कडूबापासून. भेटीले गेली की सांगे तो."

त्यानं लिहायला घेतलं. अठराव्या नावानंतर पेन अडलं. तीन वर्षं त्यांच्या अंगाला अंग लावून झोपला होता तो, आणि तेरा जणांची नावं आठवेनात.

"काऊन थांबला?" सत्यभामाबाई म्हणाली, आणि दारातच बसून राहिली.