बाविसावा सेकंद

स्टॉपवॉचचा काटा शून्यावर निमूट उभा होता, आणि त्याच्याखाली आलेखवहीतून पट्टी लावून फाडलेला, पेन्सिलीने तीन उभे रकाने आखलेला कागद... हा कागद वडिलांचा, एवढा निष्कर्ष तिने चहाचं आधण ठेवण्याआधीच काढला. पहिल्या रकान्यात तारखा, दुसऱ्यात वेळा : एक मिनिट एकेचाळीस, एक अडतीस, एक बावन्न. अशा चौतीस ओळी. काहीतरी मोजलं असणार; निवृत्तीपासून ते काहीही मोजत — नळ मिनिटाला किती थेंब गळतो, जिन्यातला दिवा किती सेकंदांनी विझतो. मग तिची नजर तिसऱ्या रकान्यावर गेली, 'शेरा'वर.

'वडील ०:२२ ला वारले.' खालच्या ओळीत, 'वडील ०:२४ ला.' त्याखाली, 'वडील ०:२२. नंतर आवाज स्थिर.'

ती खाली बसली. कानांत ठोके ऐकू येऊ लागले. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रोज दोनशे जणांचं रक्त तपासणाऱ्या तिला, आपल्या रक्तात या क्षणी काय मिसळतं आहे हे नावानिशी सांगता आलं असतं. त्याने ठोके कमी होत नव्हते.

परदेशातल्या एका रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली होती, अट एकच : इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नऊपैकी सात गुण. दोनदा साडेसहावर अडकली होती. आज दुपारी तिसरी खेप, आणि महिनाअखेर ती जागा दुसऱ्या कुणाची तरी होणार. क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की परीक्षक भाषा तपासतो, खरंखोटं नाही. तेव्हा दोन मिनिटांची एकच गोष्ट अशी बांधा की परीक्षेत विषयाचं कुठलंही कार्ड आलं तरी त्याला बसेल, आणि तिच्यात कुणीतरी मरू द्या. मेलेला माणूस फार उपयोगी. धाडस विचारलं तरी तोच, भेटवस्तू विचारली तरी तोच, अवघड निर्णय तर त्याच्याशिवाय होतच नाही. सगळ्या वर्गाने आपापला माणूस मारला होता. एका परिचारिकेने नवऱ्याला संपवलं होतं, आणि तो रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन तिला न्यायला येई. सगळे त्याच्याकडे बघून हसत. तोही हसे.

तिची आई खरोखरच गेली होती, पाच वर्षांपूर्वी. प्रथम तिने तीच घेऊन पाहिली, पण तीन वाक्यांपुढे जाता येईना — जे खरं घडलं होतं त्याला इंग्रजीत तोंडच फुटेना. मग तिने वडील घेतले. ते सोपे गेले. मी बारा वर्षांची असताना माझे वडील वारले... आणि त्यापुढे सगळं कसं सरळ लागे. शिक्षण, निर्धार, दूरचा प्रवास. चौतीस सकाळी तिने स्वयंपाकघरात त्यांना मोठ्या आवाजात मारलं, आणि भिंतीपलीकडे ते वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. त्यांना इंग्रजी येत नाही, हे गृहीतच होतं. आधीच आकडा ठाऊक असलेला नियंत्रण-नमुना तपासून बघितल्याशिवाय रक्तातल्या साखरेचा एक आकडाही बाहेर न सोडणाऱ्या तिने हे गृहीतक चाळीस वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं.

ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करत. सुट्टीत तिला सोबत नेत. ती काट्याकडे डोळा लावून आकडा सांगे, ते लिहीत. एकदा तिने आकडा जरा बरा करून सांगितला होता... नऊ वर्षांची असेल. त्यांना कसं कळलं कोण जाणे. आलं ते लिहायचं, एवढंच म्हणाले होते. आवडलं नाही म्हणून खोडायचं नाही. तिने कागद उजेडात धरला. चौतीस ओळींत खोडरबराची एकही खूण नव्हती.

ते चहाला आले तेव्हा कागद तिच्या हातातच होता.

"बाबा, तुम्हाला इंग्रजी कळतं?"

"छत्तीस वर्षं यंत्रांची माहितीपुस्तकं काय चित्रं बघायला उघडत होतो?" त्यांनी कप ओढून घेतला. "बोलता नाही येत. कुणाशी बोलणार? गॅल्व्हानोमीटरशी?"

सरांची युक्ती समजावायची, तर ती त्यांना बहुधा तिच्याआधी समजली होती.

"दोन मिनिटं एकदाही भरली नाहीत तुझी," ते म्हणाले. "मी गेल्यावर फार घाई करतेस. तिथे जरा थांबत जा." मग बशीत चहा ओतता ओतता, "आणि एक राहिलंच. मी कशाने गेलो ते सांगत नाहीस. परीक्षकाने विचारलं तर?"

"... हृदय," ती म्हणाली.

"बरंय. फार रेंगाळलो नाही म्हणजे."

बशी रिकामी करून ते उठले, जाताना स्टॉपवॉचला किल्ली दिली — सवयीने, किंवा... ते तिला ठरवता आलं नाही. 'नंतर आवाज स्थिर' हा शेरा अकरा ठिकाणी होता. परीक्षेला जाताना बसमध्ये तो कागद उघडून ती मोजत होती. सरावाचं स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकून तिलाही ते जाणवलं होतं. सराव झाला म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. पण सरावाने आवाज सुधारायचा तर तो पहिल्या सेकंदापासून सुधारायला हवा. बाविसाव्यापासूनच, वडील गेल्यावरच का? याला दुसरं स्पष्टीकरण होतं, साधं, आणि ती ते मनातल्या मनातही पूर्ण वाक्यात मांडायला धजेना.

परीक्षेची खोली लहान होती. समोर परीक्षक बाई, मध्ये ध्वनिमुद्रण-यंत्र, भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ. कार्ड आलं : तुम्हाला काही शिकवणाऱ्या एका व्यक्तीविषयी बोला. तयारीला एक मिनिट, एक कागद, एक पेन्सिल. तिने कागदावर काही लिहिलं नाही. हाताने आपोआप तीन उभ्या रेघा मारल्या, तेवढंच.

बाईंनी मान हलवली. ती बोलू लागली — माझे वडील उपकरणं दुरुस्त करत. सात सेकंद. लहानपणी मी काटा वाचायची आणि ते लिहायचे. तेरा. आवाज कापत होता, एक शब्द चुकला, तिने तो दुरुस्त केला नाही. अठरा. पुढचं वाक्य चौतीस वेळा घासून गुळगुळीत झालेलं, जिभेवर तयार होतं. त्याच्यापलीकडे स्थिर आवाज होता, सात गुण होते, विमान होतं. एकवीस.

काटा बाविसावर आला, आणि पुढे गेला... वडील जिवंतच होते, आणि आता त्यांचं काय करायचं हे तिला कुठल्याच भाषेत ठाऊक नव्हतं.