शिवून टाकलेला पट्टा

रोजची सकाळ अशी असे. उजाडता उजाडता मोतीबाई अंगण झाडून सडा टाकी. चूल पेटे, चहाचे आधण चढे. डोंगरसिंग कडुलिंबाची काडी चावत घरात भरून ठेवलेल्या कापसाच्या ढिगावरून नजर फिरवी. साडेनऊच्या सुमारास त्यांची मुलगी बबिता दप्तर दारात ठेवून झिपऱ्या कुत्र्याला बांधायला येई. साखळीचा आकडा ती ज्याच्या कडीत अडकवी, तो मी.

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. एके काळी मला नऊ पितळी घुंगरे होती. आता सात उरली आहेत. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, तरी ती सांगितलीच पाहिजे.

मला घडवले ते बैलाच्या गळ्यासाठी. डोंगरसिंगचे वडील भावसिंग यांनी घाटंजीच्या बाजारातल्या एका कारागिरासमोर दिवसभर बसून मला करून घेतले होते. त्यांच्या आजा-पणजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. पुढे तांडा शेतीत स्थिरावला, पण घुंगरांचा आवाज कानी पडल्याशिवाय भावसिंगांची सकाळ होत नसे. पोळ्याच्या दिवशी लोक बैलांआधी माझ्याकडे बघत. मी तेलाने माखलेला, लाल गोंड्यांनी सजलेला असे. त्या दिवसांचा मला फार गर्व होता. भावसिंग गेले, बैल बदलले, आणि मी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जात राहिलो.

सरज्या हा माझा शेवटचा बैल. त्याचा जोडीदार साप चावून मेला. एका बैलावर औत चालत नाही, म्हणून डोंगरसिंगने सरज्याला नात्यातल्या माणसाकडे धाडले. मला मात्र त्याने गळ्यातून काढून ठेवून घेतले. अंगण एकदम मुके झाले.

त्याच वर्षी कापसाचे भाव इतके कोसळले की तांड्यातल्या बहुतेकांनी कापूस घरातच भरून ठेवला आणि भाव चढायची वाट बघितली. त्याची राखण करायला डोंगरसिंगने एक पिल्लू आणले. अंगावर, विशेषतः मानेवर, दाट केस. म्हणून ते झिपऱ्या. एका दुपारी डोंगरसिंगने मला अर्धे कापले, घुंगरांचा भाग तेवढा ठेवला आणि मला त्या चार महिन्यांच्या पिल्लाच्या गळ्याभोवती गुंडाळले. मला बक्कल नव्हते. पट्टा निसटून हरवू नये म्हणून त्याने आरी आणि मेणाचा दोरा घेऊन माझी दोन्ही टोके एकमेकांवर शिवून टाकली.

"आता कोणाच्या बापाले निंगत नाही," तो समाधानाने म्हणाला.

शेजारचा धावजी कुंपणापलीकडून हसला. "काय रे डोंगरसिंग, यंदा पोळ्यात कुत्रंच आणतं काय?"

"आणतो ना! तुयापाशी तर तेबी नाही."

दोघे हसले. झिपऱ्याही नाचला. माझी घुंगरे वाजली, आणि मलाही फार बरे वाटले.

पिल्लू वाढले. मी वाढणार कसा? पावसात भिजलो, उन्हात वाळलो, आणि चामडे वाळले की आखडते. पोळ्यापर्यंत मी घट्ट झालो होतो. दिवाळीपर्यंत मी झिपऱ्याच्या कातडीत रुतलो. वरून दाट केस, केसांतून डोकावणारी घुंगरे. बघणाऱ्याला सारे ठीकच दिसे. माझ्याखाली जखम झाली, ती चिघळली. मला सारे कळत होते, पण मला सैल होता येत नव्हते.

आधी झिपऱ्याने सांगून पाहिले. डोंगरसिंगने साखळी ओढली की तो गुरगुरे.

"मालकावर गुरगुरते!" म्हणत डोंगरसिंगने काठी घातली. असे चार-पाच वेळा झाले. मग झिपऱ्याने गुरगुरणे सोडले. कुत्रा सुधारला, असे घरात सर्वांना वाटले. मित्रांनो, ते गुरगुरणे हे त्याचे बोलणे होते. 'इथे हात लावू नका,' एवढेच तो म्हणत होता. काठीने त्याचे दुखणे गेले नाही. सांगणे तेवढे गेले. वेदनेने त्याने मान झटकली की माझी घुंगरे खणखणत, आणि लोक म्हणत, 'बघा, कसा चवताळला!' मग त्याला आणखी आखूड साखळीने, आणखी वेळ बांधत.

आणि ती सकाळ आली. आकडा कडीत बसेना. शाळेची वेळ झाली होती. बबिताने केसांत बोटे खुपसून मला जोरात ओढले. झिपऱ्याने आवाजही केला नाही. तो तिच्या मनगटाला चावला.

मोतीबाईने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने बराच वेळ धुतली आणि लगोलग पोरीला घाटंजीच्या दवाखान्यात नेले. सुया सुरू झाल्या. कुत्र्याला बांधून दहा दिवस नजर ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले.

"दहा दिवस कायले?" धावजी म्हणाला. "जे न सांगता चावते, त्याचा काय भरोसा?"

"होऊ दे दहा दिवस," डोंगरसिंग म्हणाला. "अकराव्या दिवशी पोत्यात घालतो अन् तिकडं राजूरच्या खाणीकडं सोडून येतो."

मी हे ऐकले. खरा गुन्हेगार कुत्र्याच्या गळ्यातच होता आणि शिक्षा कुत्र्याला होणार होती.

त्या दहा दिवसांत सारे जण झिपऱ्याच्या तोंडाला फेस येतो का ते बघत होते. मोतीबाई मात्र त्याच्याकडे बघत होती. तो नीट पाणी पितो, पण मान वाकडी धरून. झोपतो, पण गळा जमिनीला टेकू देत नाही. माश्या फक्त मानेशीच बसतात.

"याडी," हाताला पट्टी बांधलेली बबिता दारातून आईला म्हणाली, "मले पाहून तो शेपूट हालवते. मंग चावला काहून?"

"तू कुठं हात लावलता त्याले?"

"गळ्याले."

मोतीबाई पुन्हा झिपऱ्याच्या मानेकडे बघू लागली.

अकराव्या सकाळी डोंगरसिंग पोते घेऊन आला.

"बबिताचे बा, थांबा. पहिले त्याचा गळा पाहा."

"काय पाहाचं त्यात? पट्टा हाय."

"दिसते का तुमाले पट्टा?"

डोंगरसिंग वाकला. घुंगरे दिसत होती. पट्टा कुठेच दिसत नव्हता.

मोतीबाईने जुन्या ओढणीची पट्टी फाडली, झिपऱ्याचे तोंड हलकेच बांधले आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. डोंगरसिंगने केस बाजूला केले. आधी वास आला. मग मी दिसलो, आणि माझ्यावरचे टाके दिसले. आपला टाका कोण ओळखत नाही?

"म्याच शिवला हा," तो पुटपुटला. मला त्याच्याकडे बघवेना.

धावजी कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. "अरे, तुया बाच्या येळचा पट्टा हाय तो! कापतं काय?"

डोंगरसिंग उठून घरात गेला. त्याने दाढीचे ब्लेड आणले आणि एकेक टाका उसवला. दोन घुंगरे तुटून सड्यावर पडली. ती कोणी उचलली नाहीत. मी सुटलो, तेव्हा झिपऱ्याच्या गळ्याभोवती माझ्या रुंदीची लाल खाच होती. जनावरांच्या डॉक्टरांनी ती धुऊन औषध लावले. ज्या पोत्यातून त्याला नेऊन सोडायचे होते, तेच त्याच्या अंगाखाली अंथरले गेले.

तेव्हापासून मी भिंतीच्या खुंटीवर आहे. मित्रांनो, तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असेल, तर त्याच्याखाली आज दोन बोटे सरकवून बघा, आणि कुत्रा वाढत असेल तर दर आठवड्याला बघा. शांत कुत्रा एकाएकी चावू लागला, तर काठी शोधण्यापूर्वी त्याचे दुखते कुठे ते शोधा. तो गुरगुरला, तर त्याने तुम्हाला आधी सांगितले, असे समजा.

जखम भरत आली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ. झिपऱ्या भाकरी खात होता, बबिता शेजारीच बसली होती. डोंगरसिंग सवयीने त्याच्या फार जवळून गेला. किती तरी महिन्यांनी झिपऱ्या पहिल्यांदा गुरगुरला. डोंगरसिंगचा हात कोपऱ्यातल्या काठीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"सरक वो बबिता," तो म्हणाला. "खाऊ दे त्याले."

तो स्वतःही चार पावले मागे सरला. मग त्याने ती काठी उचलली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे मोतीबाईच्या चुलीत सारले. वर चहाचे आधण होते.